परड्यातल्या मिरचीचं बी

१२ फेब्रु. २००४
आईच्या मिरचीचं बी पेरलं. दिवाळीनंतर ती गेली, तेव्हा कऱ्हाडहून रुमालात बांधून आणलेलं. दादाने परड्यात खोल्या काढायला घेतल्यात, म्हणजे तिथली मिरची संपली. इथे उत्तरेत, आदर्श नगरातल्या ह्या घराची माती म्हणजे निव्वळ वाळू. शेणखत घातलं, राख घातली. बघू.

२१ मार्च
ह्यांनी ऑफिसातून येताना शोभेच्या मिरच्यांची रोपं आणली, फळं धरलेली. जांभळी, पिवळी, एक तर चक्क काळी. "तुझ्या वाफ्याला जरा रंग." मुक्ता खूश. "मम्मा, ये तो झुमके हैं." मराठीत सांग म्हटलं तर, "कानातले... मतलब, कानातल्यासारखे." आईने हसून मुका घेतला असता तिचा.
सगळी एकाच वाफ्यात लावली. छान दिसतंय, खोटं कशाला बोलू.

६ जून
लू. वाफ्यावर जुनी साडी ताणली.
आईच्या मिरच्या धरल्या. सांडगी घातली — चिरून मेथी, हिंग, मीठ भरलं, ताकात बुडवून वाळवली. इथल्या उन्हात लगेच खडखडीत. तळताना घरभर खोकला. शेजारच्या भाभीजी खिडकीतून, "भाभी, क्या जला दिया?" दहीभाताशी पहिला घास घेतला आणि रडूच आलं. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिखट लागलं असं वाटलं त्यांना. वाटू दे.

१७ ऑक्टो.
पिकलेल्या लालभडक मिरच्यांचं बी काढलं. आणलेलं सगळं पेरून संपलं होतं, आता हेच. दादाचा फोन. "तुझ्याकडे आहे ना बी? जप बाई. आमच्याकडे काही उरलं नाही."

९ जाने. २००५
थंडीने वाफा करपला. फिकीर नाही, बी आहे.

२२ मे
नव्या झाडांना मिरच्या लागल्या. काही जांभळट. काहींवर काळे डाग. एक तर आखूड, बुटकी, वर तोंड करून उभी. चावून पाहिली, नुसती कडवट. शेजारच्या रंगीत मिरच्यांची भेसळ बियात उतरली.
आता आठवतंय. आई परड्यात दुसरी मिरची येऊच द्यायची नाही. मामींनी आणलेलं रोप उपटून टाकलं होतं. आम्ही तिला हेकट म्हणायचो.

२३ मे
ह्यांच्याशी बोलले नाही. रात्री जेवताना म्हणाले, "मीच आणली ना ती रोपं." हो, तुम्हीच आणली. लावली मात्र मी.

२९ मे
रंगीत झाडं सगळी काढली. मुक्ता रुसली. एकच झाड ठेवलंय, पांढरी फुलं, सरळ हिरवी मिरची. दिसायला तीच. फुलांवर मलमलीची पिशवी बांधली, दुसऱ्या कुठल्या झाडाचा पराग नको. दादाला फोन केला, एक मिरची पाठवते, खाऊन सांग म्हटलं. तो म्हणाला, "अगं, मला कुठलं कळायला? आम्ही बाजारचीच खातो आता."
म्हणजे ओळखणारी मी एकटीच.

३ जुलै
आज पिशवी सोडली. लांब, टोकदार, हिरवीगार. मुक्ता शेजारी उभी. "आई, ही आजीची आहे?" 'आई' म्हणाली, 'मम्मा' नाही.
देठ मोडून चावली. कान तापले, डोळ्यांतून पाणी. तिखट आहे, चांगलीच आहे. पण आईची अशीच होती का? आठवायला गेले तर जिभेवर हीच, नुसती हीच.
मुक्ता वाट बघत होती. थांब म्हटलं, आणि दुसरी तोडली.