अर्ध्या दाराचा फोटो

ताई,

बाबांशी भांडून गेलीस आणि वर्षभराने लग्नाचा फोटो पाठवलास. त्यात तू नि भाऊजी अख्खे, चर्चचं दार अर्धं! पत्ता लिहायला काय झालं होतं गं? दर रविवारी शिवणाच्या दुकानाला सुट्टी असली की मी राज्यभर चर्च शोधत फिरते. कुणाला विचारायची लाज वाटते, म्हणून प्रार्थना संपेपर्यंत बसून लोकांत तुला शोधते. आज अठराव्या चर्चचं दार जुळलं. फादरांनीच माझ्या हातातला फोटो बघून समोरचंच घर दाखवलं.

तासभर तुझ्या दारासमोर उभी आहे. बेल दाबवत नाही. मला बघून तू दार लावून घेतलंस तर? आईचा फोन आला, "सापडली का गं?" मी "नाही" म्हणाले.

आता निदान कचरा टाकायला तरी बाहेर ये ना, बाई!

शाळेत हजेरीलाही गप्प बसणारी,
तुझी धाकटी