बोनेटवर आणलेला कोळी

आष्टी. वैशाख, मंगळवार. संध्याकाळ.

दाजींचं तोंडसुद्धा बघायचं नाही आता. बीडच्या मित्राकडून मी पाळायला टॅरंटुला घेतला, हाताच्या पंजाएवढा कोळी. मित्रानं भोकं पाडलेल्या डब्यात ओला कापूस घालून नीट बांधून दिला. दाजी बीडहून येणारच होते. फोनवर बजावलं होतं, पहाटेच्या एसटीनं या, डबा सीटखाली सावलीत ठेवा. निघाले भर दुपारी.

"लई जपून आणलं बघ! खाली कुणी लाथ मारील म्हणून डायवरशेजारी बोनेटवर ठिवलं."

बोनेटवर! खाली इंजिन तापलेलं, त्यावर जीव ठेवतात? डबा उघडला तर कोळी मेलेला, आठही पाय पोटाशी आवळलेले.

"झोपला आसंल."

झोपला म्हणे! ताईचा नवरा, घरचा जावई. आईसमोर काय बोलणार?

पण दाजींची स्वतःची पाण्याची बाटली? तिला ओलं फडकं गुंडाळून एसटीच्या खिडकीशी वाऱ्याला टांगलेली, हेही तेच कौतुकानं सांगत होते. तिथं बरोबर अक्कल चालली.

डबा मांडीवर घेतला, बूड अजून कोमट होतं. तेवढ्यात दाजींनी तीच बाटली पुढं केली.

"घे, पाणी पे. आजून गार हाय."