तिसरा मासा

पेटेलोदादा,

आई जाऊन आज नऊ दिवस झाले. बेटावर विमान उतरत नाही, बोट पंधरवड्याने येते, म्हणून तू पोचला नाहीस, असं मी सगळ्यांना सांगते. सोळा वर्षांत एकाही बोटीत तू का नव्हतास, ते मात्र मला सांगता येत नाही.

मासेवाटपाला आईच जायची. माणशी एक मासा. वाटप करणारा फालानिकोकाका विचारायचा, "घरात किती?" ती म्हणायची, "तीन. पेटेलो निघालाय." बाया हसायच्या, "काय गं, त्याची बोट कासव ओढतंय का?"

बेटावर नसलेल्याला वाटा नाही, हा गावपंचांचा नियम. तरी तिसरा मासा मिळायचा. काका तो स्वतःच्या वाट्यातला द्यायचा, हे मला काल काकूने सांगितलं.

आज मी गेले. काकाने न विचारता दोन मासे ठेवले. मी म्हटलं, "काका, घरात एकच," आणि तुझा त्याच्या टोपलीत परत टाकला.

हे पत्र धाडणार नाही. तू आलास तरी आता "तीन" म्हणता यायचं नाही.

आईइतकी वाट बघणं न जमलेली,
लेपेका