गेंड्यावरचे वाल

निखिल,

‘प्रिय’ लिहायला हात गेला होता, मुद्दाम आवरला. शेवटापर्यंत लिहावंसं वाटलं तर लिहीन.

आज का लिहितेय? कारण दोन दिवसांनी मी तुझ्या घरी जाऊन काकूंना, तुझ्या आईला, एक गोष्ट सांगणार आहे. ती ऐकल्यावर भिंतीवरचा तुझा फोटो त्यांना आजच्यासारखा दिसणार नाही. मी गुपचूप डाव टाकला की तू चिडायचास ना? “पान उघडं ठेव, समोरच्याला दिसू दे, त्यातच मजा आहे,” म्हणायचास. तर हे घे, ठेवलं उघडं.

आठवतं, नौपाड्यात तुझ्या मित्राचा दवाखाना रविवारी बंद असायचा आणि त्याच्या पेशंटांच्या बाकांवर आपला अड्डा जमायचा? रमीचे पत्ते नव्हेत ते. राक्षस, जादूगार, ड्रॅगन. एकेक विकत घेऊन जमवायचे आणि एकमेकांवर सोडायचे. मी मानपाड्याहून यायची, एमआयडीसीतल्या लॅबचा वास केसांत घेऊन. तू पहिल्याच दिवशी नाक मुरडलंस आणि मला ते आवडलं. काय अक्कल होती माझी!

तुझं लाडकं पान म्हणजे गेंडा. इंग्रजीत त्याचं नाव लांबलचक होतं, आपण नुसतं गेंडा म्हणायचो. तो लगेच मैदानात उतरवायचा तर एवढी ताकद खर्चावी लागायची की सुरुवातीला कुणाकडेच ती नसायची. पण त्याला दुसरी वाट होती. थोडीशी ताकद मोजायची आणि गेंडा बाजूला ठेवून द्यायचा, सगळ्यांना दिसेल असा. त्याच्यावर वालाचे चार-पाच दाणे. वाल तुझ्या आईच्या डब्यातले. तुझा टर्न आला की एक दाणा काढायचा. शेवटचा दाणा उचलला की गेंडा फुकटात मैदानात! बाकीचे प्राणी उतरल्यावर एक टर्न दम खातात, हा त्याच टर्नला अंगावर येतो. आणि वालाखाली असेपर्यंत त्याला कुणी मारू शकत नाही, अडवू शकत नाही. समोरच्याने फक्त दाणे बघत बसायचं.

नियमाप्रमाणे दाणा ज्याचं पान त्याने काढायचा. तू मात्र मला काढायला लावायचास. “काढ गं, तुझ्या हाताने काढ.” सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि काढायचे.

त्याच बाकावर तू मला लग्नाचं विचारलंस. आणि त्याच बाकावर म्हणालास, “पण थोडं थांबावं लागेल. आई ऐकत नाहीये. तुम्ही बौद्ध ना.” मी लगेच विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? नौपाड्यातलं जुनं घर, देव्हारा, सोवळ्यातला स्वयंपाक. असल्या घरांची नकारघंटा मी मैत्रिणींच्या बाबतीत ऐकलेली होती. तुला फार काही रचावं लागलंच नाही, जे आधीपासून होतं तेच वापरलंस. हे मला सगळ्यात जास्त लागतं, निखिल.

मग बहिणीचं लग्न होऊ दे. एक दाणा काढला. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. काढला. मग फ्लॅटचा ताबा. दाणे संपत आले की तू नवे ठेवायचास. खेळातही ते एक पान होतं तुझ्याकडे, दाणे वाढवणारं. मी चिडले की एकच वाक्य, “घाई कोणाला आहे?” माझे बाबा विचारून विचारून थकले आणि तुझं नाव काढायचंच त्यांनी बंद केलं. वर मला तुझ्या घरी यायची मुभा होती! ‘पत्त्यांच्या क्लबातली मैत्रीण’ म्हणून, लग्नाचा विषय काढायचा नाही या तुझ्या अटीवर. काकू पोहे द्यायच्या, शेजारी बसून आपला डाव बघायच्या, आणि मी मनात म्हणायची, किती गोड बोलतात आणि किती आतल्या गाठीच्या आहेत.

मग तू शीळफाट्याच्या सिग्नलला गाडीत बसल्या जागीच गेलास. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवत राहिले, शिव्याही दिल्या असतील. तिथून एक रस्ता माझ्याकडे येतो आणि एक तुझ्या घराकडे. तू कुठल्या रस्त्याला वळणार होतास, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेराव्याला आलेले मी. घर माणसांनी भरलेलं. काकूंनी मला बघितलं, आत गेल्या आणि कपाटातून एक हिरवी साडी घेऊन आल्या. घडीवर विरलेली. सगळ्यांसमोर ती माझ्या मांडीवर टाकून म्हणाल्या,

“तुझ्यासाठी घेऊन ठेवलेली. मी केव्हाच हो म्हटलेलं. पण तू म्हणे तयार नाहीस, तुझ्या घरचे आपल्यात द्यायला बघत नाहीत, आणखी थांबा म्हणतेस, मी तुझ्याकडे विषयही काढायचा नाही. एवढी वर्षं माझ्या पोराला ताटकळत ठेवलंस गं! काय मिळालं तुला?”

तुझी मावशी पदर डोळ्यांना लावून माझ्याकडे बघत होती.  वर भिंतीवर हार घातलेला तू. मी साडी घडी घालून परत दिली आणि निघून आले. रिक्षात बसल्यावर मी तुला जी शिवी दिली, ती रिक्षावाल्याने वळून ऐकली.

आम्हा दोघींना एकमेकींची वाट बघायला लावून तू मध्ये मजेत बसला होतास. तुला लग्न नको होतं, तर तोंडाने सांगता येत नव्हतं? मी रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या आणि कुणाशी तरी संसार थाटला असता.

पुढच्या रविवारी मी परत गेले. तुझ्या फोटोखाली वालाचे चार दाणे मांडले आणि काकूंना म्हटलं, “निखिलबद्दल एक सांगायचंय. आज नाही. हे संपले की.” मग म्हटलं, “काढा एक. तुमच्या हाताने.” त्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दाणा उचलला. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं! दर रविवारी जात राहिले. त्या एक दाणा उचलायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. आधी पोह्यांचा आग्रह थांबला, मग साडीचा विषय थांबला.

आज शेवटचा दाणा होता. मी म्हटलं, “काढा काकू.” त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातून मूठभर वाल आणले आणि त्या एका दाण्याभोवती ओतले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “राहू दे गं. घाई कोणाला आहे?”

तुझंच वाक्य, तुझाच सूर! म्हणजे तू आम्हा दोघींशी काय केलंस ते त्यांना कळलंय. आज कळलं की साडी माझ्या मांडीवर टाकतानाच माहीत होतं, ते मी विचारलं नाही. एवढं मात्र कळलं की तू कोणावर गेला होतास.

खेळातला शेवटचा नियम तुला आठवत असेल. खेळाडू उठून गेला की बाजूला ठेवलेली त्याची सगळी पानं त्याच्याबरोबर जातात. तुझी गेली. पण हे पान माझं आहे, आणि मी अजून बसलेय.

ते सगळे वाल मी ओंजळीत भरून घरी आणलेत. काकू बघत राहिल्या, नको म्हणाल्या नाहीत. आत्ता ते पातेल्यात भिजत पडलेत. मोड यायला दोन दिवस. मग सोलेन, डाळिंब्यांची उसळ करेन, तुला आवडायची तशी गूळ घालून, आणि डबा घेऊन नौपाड्याला जाईन. काकूंना ताट वाढेन, एक वाटी तुझ्या फोटोपुढे ठेवेन, आणि त्यांनी पहिला घास घेतला की पहिल्या वाक्यापासून सगळं सांगेन. त्यांनी कान झाकले तरी. हे तुला वचन, आणि मी दिलेल्या शब्दाला उशीर करत नाही.

‘प्रिय’ राहिलंच बघ.

तुला ताटकळत ठेवणारी म्हणून तुझ्या घरात प्रसिद्ध असलेली,
सुजाता