उसवताना म्हटलेलं गाणं

प्रिय रचना,

जय भीम. तू कॅमेरा विकायला काढलायस असं संघर्षकडून कळलं आणि मला राग आला. आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. फिल्म कुठल्याच महोत्सवाने घेतली नाही, यूट्यूबवर कुत्रं विचारत नाही, आता पुढच्या महिन्यापासून पुण्यात कंपनीत बसणार, असं तू त्याला म्हणालीस म्हणे. नोकरी कर बाई, नोकरी वाईट नसते. पण कॅमेरा विकू नकोस. का ते सांगते, जरा दमाने घे. फोनवर तू नुसतं हो काकू, हो काकू करून विषय बदलतेस, म्हणून मशीनवरचं काम बाजूला सारून कागद घेऊन बसले आहे.

तू पहिल्यांदा दारात आलीस तेव्हा मला वाटलं जनगणनेवाली आली. पाठीवर एवढं मोठं ओझं, बुटांना चिखल, आणि विचारतेस काय, तर ‘खारं पाणी’ इथेच राहतात का. आमचा संघर्ष, फैझान आणि दीपेश दिवसभर किहीमच्या कॉटेजवर पाहुण्यांच्या बॅगा उचलतात आणि संध्याकाळी धक्क्यावर जाऊन रॅप करतात हे मला माहीत होतं. त्यांचा ग्रुप आहे, त्याला असलं नाव आहे, आणि ते ऐकून कोणी पुण्याहून येईल, हे काही माहीत नव्हतं. मला ते हातवारे करून भांडल्यासारखं वाटायचं. मग रात्री जेवताना तू तुझ्या आधीच्या छोट्या फिल्म दाखवल्यास. तो नांदेडचा बुटांवर चित्रं काढणारा पोरगा, ती सोलापूरची, ब्रेकडान्स करताना डोक्यावर गरगर फिरणारी पोरगी. तिची आई तोंडावर हात धरून दारात उभी असते, ते मी तुला पुन्हा पुन्हा लावायला लावलं. त्या दिवसापासून मी त्या पोरीची फॅन आहे. तिची मान बरी आहे ना, ते कळव.

टी-शर्टांचं तर गावात अजून हसं होतं. पोरांनी शूटिंगसाठी मुंबईहून छापून मागवले होते. मी पाकीट उघडलं तर खांदा कोपरापर्यंत, घेर मांडीपर्यंत. मला वाटलं दुकानदाराने पोरांना फसवलं, भलत्याच मापाचे पाठवले. आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलेलं, ढगळ कपडा मला बघवतच नाही. पोरं कामावर होती. दुपारभर बसून मी तिन्ही टी-शर्ट आत घेतले, जादा कापड आत दुमडून शिवलं, बाह्या उचलल्या, इस्त्री मारून घड्या घालून ठेवले. वर मनात म्हटलं, बघा आता कसे बसतात. बसले की छान! दीपेशला हात वर करता येईना. फैझान गुणाचा, काकू मस्त झालंय म्हणाला आणि श्वास रोखून उभा राहिला. संघर्ष माझ्याकडे बघेना. फॅशनच तशी असते हे मला कोणी सांगितलं होतं का? सूर्य खाली चालला होता आणि तुझं शूटिंग अडकलं होतं. दुसरी कोणी असती तर माझ्यावर डाफरली असती. तू मशीनजवळ जमिनीवर फतकल मारून बसलीस आणि कॅमेरा माझ्याकडे फिरवलास.

मी आपली टाके उसवत बसले. बाहेर ओट्यावर संघर्ष रागारागाने त्याचं रॅप घोकत होता, दारावर हाताने ठेका धरून. त्या ठेक्यात माझ्या तोंडातून आमच्या गायन पार्टीची ओळ कधी निघाली, मला खरंच कळलं नाही. माझं माहेर पालीजवळचं. मी आणि आमच्या आळीतली केसर, आम्ही दोघी जयंतीला गावोगाव टेम्पोतून गायला जायचो. ती ओळ टाकायची, मी झेलायची. समोर दुसरी पार्टी असली की सवाल-जवाब पहाटेपर्यंत चालायचे. लग्न झालं आणि ते मागे पडलं. कोणी मनाई केली असं नाही, पण कोणी गा म्हणूनही म्हटलं नाही. केसरला तिकडे हरिहरेश्वरला दिलं, तिचा पत्ताही राहिला नाही. संघर्षने मला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. तो दारात येऊन आ वासून उभा राहिला, तेही तू घेतलंस. महोत्सववाले म्हणाले होते म्हणे, हिपहॉपच्या फिल्ममध्ये शिवणवाली बाई कशाला, ती काढा मग बघू. तू काढली नाहीस. त्याबद्दल तुला धन्यवाद द्यायचे राहिलेत, ते आज मनापासून देते.

आता ऐक, तुझी कोणी न बघितलेली फिल्म कोणी बघितली ते. केसरची नात यशोधरा या पोरांची एवढी भक्त की दप्तरावर स्केचपेनने ‘खारं पाणी’ लिहून शाळेत जाते आणि बोलणी खाते. ती मोबाइलवर फिल्म बघत होती आणि केसर आत मासे साफ करत होती. माझा आवाज ऐकून तशीच खवल्यांच्या हातांनी बाहेर आली. फिल्ममध्ये गावाचं नाव होतंच, दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरून माझ्या दारात. मी ओळखलं नाही गं. तिने नाव सांगितलं नाही, ओळख दिली नाही, उंबऱ्यात उभी राहून फक्त ओळ टाकली. माझ्याकडून ती आपसूक झेलली गेली. मग आम्ही दोघी रडलो, चहा उतू गेला, आणि कशाचंच कौतुक न करणारे संघर्षचे पप्पा टीव्ही बंद करून आमच्यासमोर येऊन बसले. इतक्या वर्षांनी मला माझी मैत्रीण मिळाली, ती तुझ्यामुळे.

तिचा आवाज घोगरा लागला म्हणून मी तिला चिडवलं होतं. म्हातारी झालीस म्हटलं. परवा तिने सांगितलं, घशात गाठ आहे. मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, जयंतीनंतर लगेचची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ती शांत आहे, मीच हातपाय गाळून बसले होते. या जयंतीला आम्ही दोघी इथे आमच्या गावात गाणार आहोत, मागे पोरं बीट देणार आहेत. आमच्या वेळी ना कोणी रेकॉर्ड केलं, ना कोणाकडे फोन होते. केसरचं गाणं कुठेच नाही. संघर्ष मोबाइलवर घेतो म्हणाला, पण केसर म्हणते, ज्या पोरीने तुला काढून टाकलं नाही, तिनेच मला घ्यावं. तुझ्या आईशी मी बोलते, ऑफिसात रजेचं काय ते तू बघ. ऑपरेशननंतर यशोधराला आजीचा आवाज ऐकायचा असेल तर तो तुझ्या कॅमेऱ्यातच असेल. आदल्या दिवशीच ये, केसरही मुक्कामाला येणार आहे.

वाट बघत असलेली,
तुझीच
सत्यवतीकाकू