पहिले पाच एमएल

३ फेब्रु., मंगळ., तळेगाव
ट्रेनिंगचा शेवटचा टप्पा. एकाच गोळीची पावडर. त्यातलं औषध शिकवणाऱ्या मॅडमनी मोजायचं, मीही मोजायचं. आकडे जुळले तर लॅबमध्ये कायम, नाही तर घरी. मॅडमचे शंभर टक्के, माझे शहाण्णव. पाय भरून आलेत. जेवले नाही.

४ फेब्रु.
वजन पुन्हा तपासलं, बरोबर. काचेची भांडी स्वच्छ. माझ्याबरोबरच लागलेली स्वाती म्हणते, "मशीनवर ढकल की! सगळे तेच करतात." ढकलता येईल. पण मग चुकलं कुठे, ते कळणार कसं? डोकं चालत नाही.

५ फेब्रु.
सापडलं. द्रावण गाळताना पहिले पाच एमएल फेकायचे असतात, कारण कोरडा फिल्टर आधी स्वतःच औषध शोषतो. मी तेच मोजायला भरून घेतले. वाचलं होतं, पण हात धजला नाही. आमच्याकडे तांदळाचं धुवणसुद्धा म्हशीला जातं.
मॅडम हसल्या. "अगं, औषध आहे ते, ताक नव्हे!"
आज फेकून केलं. जुळलं. आनंद व्हायला हवा होता, नुसती झोप येतेय.

६ फेब्रु.
मॅडम हळूच म्हणाल्या, "शहाण्णववाला सराव होता, असं लिही. लगेच सही करते."
"पण सराव नव्हता, मॅडम."
"मला माहितीये. शहाणपणा करू नकोस."
माझ्या भल्यासाठीच म्हणत होत्या. तरी दोन्ही आकडे लिहिले, कारणासकट. मॅडमनी सही न करता वही मोठ्या साहेबांकडे पाठवली.
स्वाती: "घे, आता सत्याची भाकर खा."

८ फेब्रु., रवि., तिकोणा पेठ
आईने विचारलं, "मंग, पास झालीस का न्हाई?"
"उद्या मोठे साहेब ठरवणार."
सगळं सांगितलं. "येवढंसं पानी फेकायचं व्हतं, तर फेकायचं की गं बाई!" मग थांबून, "आन् मॅडम म्हनली तसं लिवलं न्हाईस?"
"नाही."
भाकरी थापत राहिली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बरोबर की चूक, तिने कोणाला विचारायचं?

९ फेब्रु., सोम.
साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले. "बाहेर थांबा." बाकावर बसून हे लिहितेय. आत मॅडम बोलताहेत. माझ्या बाजूने की... ऐकू येत नाही. स्वाती पाणी देऊन गेली, आज टोमणा नाही. पांढरा कोट उतरवायचा का, ते कोणी सांगितलं नाही. अंगातच ठेवलाय.