बर्फाच्या पात्याचं माप

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तुमची सून मागच्या पौषात गेली. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे. तुमच्या अंगणात रांगलेली नात आता कॅनडात नर्स आहे. तिचा नवरा लांबच्या ट्रकवर असतो, आठवडा आठवडा घरी येत नाही. घर गावाबाहेर आहे, आणि दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आपल्या केमच्या वस्तीवरून डांबरीपर्यंत होती तेवढीच लांब वाट आहे. मोठ्या रस्त्यावरचा बर्फ सरकार काढतं, आतली वाट ज्याची त्यानं मोकळी करायची. आई गेल्याचा फोन तिला गेला, त्या दिवशी त्या वाटेवर मांडीएवढा बर्फ होता. ती एकटी फावड्यानं ओढत राहिली. विमान गेलं. आईला अग्नी दिलेला तिनं फोनवर पाहिला, आणि फोन धरणाऱ्याचा हात हलत होता म्हणून तोही नीट दिसला नाही, असं ती नंतर म्हणाली. मी रडलो नाही. अजूनही रडलो नाही. सकाळी देवाजवळ दिवा लावतो, महादेवाचं नाव घेतो, टेंभुर्णीला जाऊन दुकानाचं शटर उघडतो. सोमवारचा उपास सुटतो, पण काय खाल्लं ते आठवत नाही.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. रडणं नाही, काही नाही. सरळ कामाचं बोलली. "पप्पा, घराबरोबर ती जुनी चार चाकांची मोटारसायकल मिळाली होती बघा, एटीव्ही. तिला पुढं बर्फ ढकलायचं पातं बसतंय. चार फुटी, साडेचार फुटी आणि पाच फुटी, अशी तीन येतात. कुठलं घेऊ?" मी विचारलं, इंजिन केवढं आहे. तिनं सांगितलं, लहानच आहे. "मग चार फुटी घे," मी लगेच म्हणालो. "बरं," ती म्हणाली, "तुम्ही रोज हेच करता, तुम्हाला कळणार." आबा, ही गोष्ट खरी आहे. मिनी ट्रॅक्टरच्या मागं बसणारी पाती, फण, कुळव हेच आम्ही बनवतो. गिऱ्हाईक येतं, मी त्याचा ट्रॅक्टर बघतो, जमीन कुठली ते विचारतो आणि पात्याची रुंदी सांगतो. इतकी वर्षं ते चुकलेलं नाही. फोन ठेवून मी चहा प्यालो आणि पुन्हा कामाला लागलो.

ते माप मी तुमच्याकडूनच घेतलेलं आहे. अजून डोळ्यांपुढं आहे, खळ्याशेजारी तुम्ही कुळव उलटा टाकून बसला आहात, त्याला नवी पास ठोकता आहात. पास म्हणजे कुळवाचं ते जमिनीखालून जाणारं लोखंडी पातं, हे आता आमच्या दुकानातल्या पोरांना सांगावं लागतं. बांधापलीकडच्या चुलत्यांनी तेव्हा वीतभर जास्त रुंद पास बसवून घेतली होती आणि त्यांचं रान आपल्याआधी आवरत होतं. मी शाळेतून आलेला, दप्तर अजून खांद्याला, आणि तुम्हाला म्हणतोय की आपणही तशीच घेऊ, फेऱ्या कमी होतील. तुम्ही मान वर न करता विचारलं, "तू वडणार हायस का?" मग म्हणालात, "बैलाकडं बघून पास घ्याची. रानाकडं बघून न्हाय. रान काय, हितंच हाय उद्या." आई चुलीपुढून हसली होती. तुम्ही तांबड्या बैलाच्या फऱ्यावर हात ठेवलात आणि बराच वेळ तो तिथंच ठेवलात. त्यानंतर मी जे काही विकलं ते ह्याच मापानं विकलं. ओढणाऱ्याचा जोर बघायचा, पातं त्याच्या आतलं द्यायचं. पोरीलाही तेच सांगितलं.

दोन दिवसांनी तिनं त्या गाडीचा फोटो पाठवला. बघितला आणि कुठंतरी खटकलं, पण काय ते कळेना. दुपारी काम थोडं सैल होतं, म्हणून दुकानाच्या फरशीवर मी खडूनं ती गाडी काढली, खऱ्या मापाची, तिनं सांगितलेल्या चाकांच्या अंतरानं. आमच्यात कुठलंही नवीन काम असं फरशीवरच काढतात. पुढं पात्याच्या जागी चार फुटांचा लोखंडी अँगल आडवा ठेवला. आमचे जुने वेल्डर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, चष्मा कपाळावर सारून आले. "मालक, ह्ये कुनाचं काम हाय?"

"पोरीचं. बर्फ ढकलायचाय."

"बर्फ?" चाचा म्हणाले. "टेंभुर्णीत बर्फाचा गोळा मिळंना झालाय, आन् तुमी ढकलायला निगालाव." तरी ते खडूच्या दोन चाकांमध्ये जाऊन उभे राहिले आणि हातात हँडल धरल्यासारखं करून म्हणाले, "चला, बसलो. किधर फेकू बर्फ?"

तेव्हा मला दिसलं. बर्फ सरळ ढकलला तर पुढंच ढीग होतो आणि गाडी अडते, म्हणून पातं एका बाजूला तिरकं करावं लागतं. मी अँगल तिरका केला. सरळ असताना चाकांना झाकत होता, तिरका केल्यावर दोन्हीकडची चाकं बाहेर पडली. चाचांच्या डाव्या-उजव्या हाताला खडूची चाकं उघडी. आबा, आपलं पातं जन्मभर मागं असतं. बैल पुढं, ट्रॅक्टर पुढं, पातं मागून येतं. चालणारा कसाही चालला तरी मागचं पातं त्याची पावलं पुसत येतं. तिथं पातं पुढं आहे. त्यानं मोकळं केलं त्यातूनच चाकांना जायचं आहे, आणि जेवढं चाक बाहेर राहिलं तेवढं बर्फावर चढणार, तो दाबून दगड करणार आणि घसरणार. मी साडेचारचा अँगल ठेवला, तिरका केला. चाकं झाकली गेली, बोटभर उरलं. पाचचा ठेवला, भरपूर उरलं, पण ओल्या बर्फात ते लहान इंजिन दमलं असतं. तुमचं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आपल्या रानात कधी लागलंच नाही.

मी लगेच फोन लावला. तिकडं पहाट होती, तिची ड्यूटी नुकतीच संपली होती. "मागवलंस का?" "आज मागवणार होते." "चार नको. साडेचार घे. तिरकं केल्यावर चाकं झाकली पाहिजेत. आणि बर्फ साठू देऊ नको, पडत असतानाच दोनदा-तीनदा फिरव, म्हणजे त्या इंजिनाला झेपेल." ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता. मग मी उगाच म्हणालो, "एवढा खर्च कशाला करतेस बाळा? मांडीएवढा बर्फ काही रोज पडत नाही. कितीदा लागणार आहे ते?"

तिनं पेन ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एकदाच लागलं तरी बास, पप्पा."

मी बरं म्हणालो. तिनंही बरं म्हटलं. चाचा फरशीवरची गाडी पायानं पुसत होते.

तिचं म्हणणं मला कळलं. आईच्या वेळी पोचता आलं नाही, आता उरलोय मी. पोरगी माझ्या वेळी पोचता यावं म्हणून वाट मोकळी करून ठेवते आहे, आणि त्या पात्याचं माप मीच तिला काढून दिलं. ह्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी घरी आलो, दिवा लावला, भात लावला. जेवताना मात्र तुम्हाला हे लिहावंसं वाटलं, एवढंच. पातं गेल्या आठवड्यात बसलं. तिनं फोटो पाठवला आहे, वाट काळी, स्वच्छ, मोठ्या रस्त्यापर्यंत. मी "छान" एवढंच लिहून पाठवलं. आजवर ती कधीही येते म्हणाली की मी नको म्हणालोय. खर्च होतो, सुट्टी जाते, तिकडं नीट राहा. तिला हे सांगणं मला जमायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो, आणि हा कागद कुणाला दाखवणार नाही. आता वाट मोकळी आहे, तर मी असतानाच तिनं यावं, असं मला वाटतं.